जंगल वगळून

खात्यात तिला सगळे बेरीजबाई म्हणत, आणि आता तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. देशाच्या धुराची वर्षाअखेर बेरीज करणं हे तिचं काम. वीजघरांचा धूर, गाड्यांचा धूर, भट्ट्यांचा धूर, गुरांच्या पोटातला वायूसुद्धा. कोणाला सांगायला जावं तर लोक आधी हसत आणि मग गुरांबद्दलच विचारत. तेवीस वर्षं ती हे डोळ्यांत तेल घालून करत आली होती, आणि त्या दिवशी दुपारी चार वाजता त्या सगळ्या बेरजांचा एकदाचा निकाल लागणार होता.

चार वाजता मंत्रिमंडळ बसणार होतं. हवा आणखी तापू नये म्हणून जगातल्या देशांनी मिळून जो करार केला होता, त्यात आपण जायचं की नाही हे ठरवायला. दोनदा हा देश कराराच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला होता, आणि दोन्ही वेळा घोडं एकाच जागी पेंड खात होतं. अट क्रमांक दोन. पहिली अट नव्या यंत्रांबद्दल होती, तिसरी जुन्या वीजघरांना दहा वर्षं सवलत मागणारी. त्या दोन्हींवर घासाघीस होऊ शकत होती. दुसरी अट मात्र म्हणत होती, आम्ही येतो, पण जंगल वगळून. आमच्या जंगलाचा हिशेब कोणी मागायचा नाही. करारवाल्यांचं उत्तरही दोन्ही वेळा तेच आलं होतं, की जंगल वगळून कोणालाच आत येता येणार नाही.

ही अट आली कुठून, तर एका पुस्तकातून. चोवीस वर्षांपूर्वी देशात पहिली मोठी जंगलमोजणी झाली. बाराशे ठिकाणी झाडं मोजली आणि त्यावरून जंगलात किती कार्बन साठला आहे ते काढलं. त्या पुस्तकाला खात्यात पायाचं पुस्तक म्हणत. त्यानंतर दोनदा मोजलं, तर दोन्ही वेळा साठा त्या पुस्तकापेक्षा पस्तीस टक्क्यांनी कमी भरला. उपग्रहाच्या चित्रांत जंगल जागच्या जागी दिसत होतं. मग तज्ज्ञांनी 'विरळ झालंय' असा निवाडा दिला, वणव्यांवर खापर फोडलं आणि मोकळे झाले. एवढी घट करारात मोजली गेली असती, तर ती भरून काढायला निम्मे कारखाने बंद करावे लागले असते. म्हणून जंगल वगळून. एकदा जंगल हिशेबाबाहेर गेल्यावर उत्तरेच्या उतारांवर रात्रंदिवस करवती चालल्या तरी विचारणारं कोणी उरलं नाही, हे मात्र कुठल्याच अटीत लिहिलेलं नव्हतं.

अटींचा मसुदा सकाळपासून तिच्या टेबलावर होता. शेवटच्या पानावर 'आकडे तपासले' असं छापलेलं, त्याखाली तिची सही हवी होती. तीनपर्यंत. पावणेअकराला तिने पेनाचं टोपण काढलं आणि फोन वाजला.

पूर्वेच्या डोंगरातला वनपाल होता. करारवाल्यांनी यंदा पहिल्यांदाच जुन्या ठिकाणची तीच झाडं पुन्हा मोजून बघायला सांगितली होती. एरवी दर मोजणीला नव्या जागा निवडल्या जात. वनपाल आदल्या दिवशीच डोंगरात पोचला होता.

"बाई, एक सांगू? हसणार नाही ना?"

"सांगा."

"इथली झाडं बारीक झालीत."

"बारीक म्हणजे? वाळलीत?"

"छे हो, तब्येतीनं ठणठणीत आहेत. पण पुस्तकात दोनशे चौदा नंबरचं झाड चौऱ्याण्णव सेंटीमीटर जाड दिलंय, आणि मी आत्ता मोजलं तर चौतीस भरलं. चोवीस वर्षं उपास केला तरी झाड एवढं उतरायचं नाही."

"ते तोडलं असेल कोणी. तो नंबर दुसऱ्या झाडावर ठोकला असेल."

"मलाही तेच वाटलं. पण नंबराचा पत्रा सालीनं निम्मा गिळलाय, खिळा पार आत गेलाय. झाड तेच आहे, बाई. आणि हे एकटंच नाही. सकाळपासून सात मोजली, सातही तशीच."

तिने आकडे उतरवून घेतले. चौऱ्याण्णवचं चौतीस. एकशे सव्वीसचं त्रेचाळीस. एकोणसत्तरचं पंचवीस. फोन ठेवल्यावर ती त्यांच्याकडे बघत बसली, आणि मग केवळ सवयीनं तिने जुन्या आकड्यांना तीन पूर्णांक चौदा शतांशानं भागलं. तीस आलं, चाळीस आलं, बावीस आलं. चोवीस वर्षांत झाडं थोडी थोडी वाढली होती, जशी झाडं वाढतात तशी. 

झाड मोजायच्या टेपला दोन बाजू असतात. एका बाजूवर साधे सेंटीमीटर, त्यावर खोडाचा घेर कळतो. दुसऱ्या बाजूच्या खुणा तिपटीहून थोड्या जास्त अंतरावर असतात. टेप खोडाभोवती गुंडाळला की त्या बाजूवर सरळ जाडीच वाचता येते, भागाकार करत बसायला नको. पुस्तकातला रकाना जाडीचा होता. कोणीतरी घेर वाचला होता आणि तो जाडी म्हणून लिहिला गेला होता. जाडी तिप्पट धरली की लाकूड दहापट भरतं.

तिने पुस्तक उघडलं. अकराशे एक्केचाळीस ते बाराशे, शेवटची साठ ठिकाणं, सगळी पूर्वेच्या डोंगरातली. खात्यात त्या झाडांना कौतुकानं पूर्वेचे राक्षस म्हणायचे, आणि राक्षस वणव्यात जळाले म्हणून हळहळायचे. तिने स्वतः एकदा साहेबांच्या भाषणात ते राक्षस घातले होते. आता तिने तेवढी साठ ठिकाणं दुरुस्त केली आणि बेरीज पुन्हा मांडली. घट पस्तीस टक्के नव्हती. सहा होती. तिने तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा सहाच.

सहा टक्क्यांसाठी कोणाला कसली अट लागते? नीट लक्ष दिलं तर दहा वर्षांत भरून निघेल एवढी ती घट. ज्या अटीपायी देश दोनदा दारातून परतला, तिची गरज कधी नव्हतीच.

खरं तर तिला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण पुस्तकाच्या पहिल्या पानावर मोजणीप्रमुखाचं नाव होतं, आणि तो गृहस्थ या घटकेला तिच्याच घरात खिडकीशी बसून वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेन्सिलीनं खुणावत असणार होता. ते तिचे बाबा होते.

सचिवांच्या खोलीत जायला तिला पाऊण तास लागला. आत कोणी ना कोणी बसलेलंच. सचिव म्हणजे अतिशय सावध माणूस. आयुष्यभर त्यांनी फाइलींवर 'चर्चा करावी' एवढंच लिहिलं असेल. सही ते शक्यतो दुसऱ्याची घेत. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, तिच्या बेरजांचे तिन्ही कागद उलटसुलट केले आणि चष्मा काढला.

"गणित पटतंय मला. पण इतक्या वर्षांची भूमिका मी एका वनपालाच्या फोनवर बदलू? आत गेल्यावर पहिला प्रश्न येईल, हे कशावरून? उत्तरेतल्या लाकूडवाल्यांची ऊठबस कोणाकोणाकडे आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. जंगल हिशेबात आलेलं त्यांना नकोच आहे. ते या कागदाच्या चिंध्या करतील."

"मग काय करायचं, साहेब?"

"ज्यानं मोजलं त्यानं लिहून द्यावं, की असं असं झालं, माझ्याकडून चूक झाली. ते हातात असेल तर मी अट काढायला सांगतो." ते थोडं थांबले. "मोजणीप्रमुख तुमचे वडीलच ना?"

"हो."

"कठीण आहे. तीनपर्यंत आणा. नाही आणलंत तर आहे त्या आकड्यांवर सही करा, आणि ही बाब पुढच्या खेपेला बघू."

पुढची खेप सात वर्षांनी येणार होती, हे दोघांनाही माहीत होतं.

टॅक्सीत बसल्यावर तिला खरी धास्ती वाटायला लागली. बाबांना खात्यात फूटपट्टी म्हणत. अर्ध्या सेंटीमीटरसाठी त्यांनी माणसं दोन डोंगर मागे पाठवली होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही भाजीवाल्याच्या तराजूचा काटा स्थिर झाल्याशिवाय ते पिशवी पुढे करत नसत. त्या एका पुस्तकाच्या जोरावर ते ताठ चालत होते. आणि ती त्यांना सांगायला निघाली होती, की बाबा, तुमची फूटपट्टी चुकली.

बाबांनी दार उघडलं. तिला भर दुपारी बघून म्हणाले, "काय गं, बरं नाही का?"

"बरी आहे. बसा जरा. एक विचारायचंय."

तिने आडवळण घेतलं नाही, तेवढा वेळच नव्हता. वनपालाचा फोन, सात झाडं, भागाकार, साठ ठिकाणं, सगळं एका दमात सांगितलं. बाबांचा आवाज चढला. "माझ्या मोजणीत चूक? कोण आहे हा वनपाल? टेप धरता येतो का त्याला? आजकाल पोरं फोनवर बोट फिरवून झाडं मोजतात!"

"बाबा, हा कागद बघा ना."

"काही बघायचं नाही मला."

तिने कागद आणखी पुढे सरकवला. जो माणूस वाण्याचं बिल उभ्या उभ्या दोनदा तपासतो, तो आकड्यांचा कागद समोर असताना भिंतीकडे बघत होता. 

"तुम्हाला माहीत होतं."

बाबांनी लाल पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"बाबा, चार वाजता मंत्री बसतायत. मला तीनला तिथे असायचंय. तुम्हाला माहीत होतं का?"

ते उठले. कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी कापडात बांधलेली एक वही काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. डोंगरात नेतात ती लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. दर पानाला एक ठिकाण, वर दोन चौकटी, एक 'वाचणारा' आणि एक 'लिहिणारा', खाली झाडांचे नंबर आणि जाडी. शेवटच्या पानावर वेगळ्या शाईत दहा झाडं होती आणि प्रत्येकापुढे दोन दोन आकडे, घेर आणि जाडी. तारीख मोजणीनंतर एका वर्षाची.

"एकटाच गेलो होतो परत, रजा टाकून," बाबा म्हणाले. "पुस्तक छापून झालं होतं. राक्षस राक्षस म्हणून लोक डोक्यावर घेऊन नाचत होते. मला तर डोंगरात राक्षस काही आठवेनात. म्हटलं बघून येऊ. दहा झाडं मोजली आणि घरी आलो."

"आणि मूग गिळून बसलात? तेवीस वर्षं?"

"एका पुस्तकातला एक आकडा, म्हटलं. कोण वाचतंय? मला काय ठाऊक त्या आकड्यावर हे लोक अट उभी करतील, आणि अटीच्या आडोशानं उत्तरेत करवती घालतील!" त्यांचा आवाज फाटला. "तिकडून जाणारी बस मी कधीच घेत नाही, लक्षात आलंय का तुझ्या?"

तिला संताप आला होता. इतकी वर्षं ती जंगलाच्या रकान्यात आकड्याऐवजी तिरपी रेघ मारत आली होती, आणि संध्याकाळी घरी येऊन याच माणसासमोर त्या रेघेला शिव्या घालत आली होती. ते मान हलवायचे, चहा प्यायचे. ती रागारागानं पानं उलटत गेली. मग तिचा हात थांबला. साठही पानांवर 'लिहिणारा' या चौकटीत बाबांची सही होती. 'वाचणारा' ही चौकट रिकामी होती.

"टेप कोणाच्या हातात होता, बाबा?"

"ते आता सोड."

"कोणाच्या?"

"वाचणारा माणूस तापानं घरी गेला होता. चौदा दिवस उरले होते आणि साठ ठिकाणं. बदली माणूस मिळेना." ते तिच्याकडे बघत नव्हते. "आणि तुझी परीक्षा संपली होती."

ती त्या डोंगरात गेली होती हे ती विसरली नव्हती. ते तिच्या आयुष्यातले सगळ्यांत आनंदाचे चौदा दिवस होते. खोडाला मिठी मारून टेप पलीकडून ओढून घ्यायचा, गालाला ओली साल लागायची, आणि मोठ्यानं आकडा ओरडायचा. वाचणाऱ्यानं ओरडायचं, लिहिणाऱ्यानं तोच आकडा मोठ्यानं परत म्हणायचा आणि मगच लिहायचा, असा मोजणीतला नियमच होता. पण कुठली ठिकाणं, कितवे नंबर, हे तिने तेव्हा कशाला लक्षात ठेवलं असतं? डोंगरात दुसरीही पथकं मोजत असतील, राक्षस त्यांना भेटले असतील, असंच तिने धरलं होतं. टेपवर काळे आकडे ठळक होते आणि लाल पुसट. तिने ठळक वाचले. 'लाल बघ' असं बाबा पहिल्या दिवशी म्हणाले होते का? आता तिला ते म्हणाल्यासारखं वाटत होतं, पण ते आठवत होतं की आत्ताच मनानं रचलं होतं, हे तिला सांगता आलं नसतं.

"मी," ती म्हणाली. 

"तू नाहीस. मी परत म्हटला ना प्रत्येक आकडा! चौऱ्याण्णव म्हटलं आणि लिहिलं. समोर झाड होतं, जेमतेम दीड वीत जाडीचं. मान वर करून बघितलं नाही मी. मुदत संपत आली होती, मला पानं भरायची होती." त्यांनी तिच्या हातातून वही घेतली. "आणि कळलं तेव्हा तुझी नुकतीच खात्यात नेमणूक झाली होती. घरच्या पोरीला सरकारी मोजणीत घेतलं हे नियमात बसत नव्हतंच. तुझं काय झालं असतं?"

तिला रडायला वेळ नव्हता. घड्याळात दीड वाजून गेला होता.

बाबांनी कागद घेतला आणि खाली बसून लिहायला लागले. त्यांच्या अक्षरात अजून कंप नव्हता. लिहिता लिहिता म्हणाले, "वाचणारा मीच, असं लिहितोय. ऐक माझं. मला आता कोण फासावर देणार आहे? पण तू वाचलंस हे कळलं की ते काय म्हणतील? जिनं चूक केली तीच आज दुरुस्ती घेऊन आलीय, घरचाच मामला आहे. तुझी नोकरी जाईल आणि आकडाही जाईल. माझ्या नावावर जाऊ दे. निदान आकडा सुटेल."

हे खरं होतं, किंवा खऱ्यासारखं तरी होतं. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिने फक्त टॅक्सी बोलावली. बाबा म्हणाले, मी येतो, सही करणाऱ्यानं समोर असलेलं बरं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. वाटेत दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

तीनला सात मिनिटं कमी असताना ते सचिवांसमोर बसले. सचिवांनी निवेदन वाचलं, मग वही घेतली. पानं उलटताना त्यांचं बोट वरच्या चौकटीवर थांबलं.

"इथे वाचणाऱ्याचं नाव नाही."

"मीच वाचत होतो," बाबा म्हणाले.

"आणि लिहीत कोण होतं?"

"मीच."

"साठही ठिकाणी?"

"हो."

सचिवांनी वही मिटली. "मी नोकरीची पहिली दोन वर्षं वनखात्यात काढलीत. टेप खोडाला लावायला दोन हात लागतात. तुम्ही काय तिसऱ्या हातानं लिहीत होतात?"

कोणी हसलं नाही. बाबांनी शर्टाची बाही सारखी केली. ते खोटं बोलायला आले होते, पण त्यात त्यांना गती नव्हती. आयुष्यभर ते फक्त न बोलता राहिले होते.

"हे बघा," सचिव म्हणाले, आणि आता ते दोघांशी नाही, तिच्या एकटीशीच बोलत होते, "मला जे सुचलं ते आतल्या लोकांना दोन मिनिटांत सुचेल. निवेदनात एक ओळ खोटी निघाली की आकडा खोटा ठरला. त्यांना तेवढंच हवंय. टेप कोणाच्या हातात होता?"

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून चार मिनिटं झाली होती. तिच्या मनात एकाच वेळी बरंच काही येऊन गेलं. तेवीस वर्षांची नोकरी, तिचं टेबल, दर वर्षीची ती तिरपी रेघ. बाबांनी टेबलाखालून तिचं मनगट धरलं होतं, ती लहान असताना रस्ता ओलांडायला धरत तसं.

"माझ्या," ती म्हणाली.

"ती बावीस वर्षांची होती!" बाबा उसळून म्हणाले. "मी नेलं तिला. तिला काय कळत होतं..."

"बाबा, पुरे."

सचिवांनी समोरच्या मसुद्याचं शेवटचं पान उघडलं. "म्हणजे ज्या सहीनं हे पान जायचं, तीच वाचणारी."

"हो, साहेब."

"मग तुमची सही मला चालणार नाही. आजची नाही, उद्याची नाही. टेबल मोकळं करावं लागेल तुम्हाला, कळतंय ना?"

"कळतंय. पण आकडा खरा आहे."

"लिहा तसं. तुमच्या हातानं, चार ओळींत. तिसरा हात वगैरे काही नको."

तिने लिहिलं. ती लिहीत असताना सचिवांनी वनपालाला फोन लावला आणि आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. वनपाल डोंगरातच होता, मागे वारा ऐकू येत होता. "दोनशे चौदा नंबरपाशी जा. दोन्ही बाजू वाचून दाखवा. घाई करू नका." पावलं वाजली, पाचोळा वाजला.  त्या फोनमधून एक आकडा वेगळा आला असता, तर सगळं तिथेच संपलं असतं.

"घेर एकशे सात," वनपाल ओरडला. "जाडी चौतीस."

सचिवांनी स्वतः भागाकार केला. मग तिची दुरुस्त बेरीज ओळीनं तपासली, प्रत्येक ओळीला तिला प्रश्न विचारत. दोनदा ती अडखळली, दोनदा त्यांनी थांबून तिला पुन्हा समजावून सांगायला लावलं. पावणेचारला त्यांनी मसुद्यातल्या दुसऱ्या अटीवर आडवी रेघ मारली, शेवटच्या पानावरचं तिचं नाव खोडलं आणि 'आकडे तपासले'च्या खाली सही केली. स्वतःची. मग वही, दोन्ही निवेदनं आणि मसुदा उचलून ते आत, मंत्र्यांच्या बैठकीत निघाले. बाबांचं खोटं निवेदनही त्यांनी घेतलं होतं. तिने त्याकडे बोट दाखवल्यावर म्हणाले, "लपवलं असं कोणी म्हणायला नको."

ते दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दाराआडून एकदा कोणाचा तरी चढलेला आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. बाबांनी तिला पाणी आणून दिलं, ते तिने प्यायलं नाही. साडेपाचच्या सुमारास दार उघडलं. सचिवांच्या शर्टाची कॉलर घामानं भिजली होती.

"अट दोन गेली," ते म्हणाले. "एक आणि तीन राहिल्यात, त्या करारवाले मानतील. पत्र आजच जातंय. आपण आत चाललोय."

तिला खरंच रडू आलं, आणि तिने ते अडवलं नाही.

"चौकशी बसेल," सचिव हलकेच म्हणाले. "दोघांवरही. किल्ल्या उद्या सकाळी द्या." आणि ते आपल्या खोलीकडे वळले.

लिफ्टपाशी गर्दी होती म्हणून ते जिन्यानं निघाले. बाबांचे गुडघे दुखत, म्हणून तिने त्यांचा दंड धरला होता. एक एक पायरी उतरताना तिचा राग बराचसा ओसरला होता. इतकी वर्षं ते एकटे तिच्यासाठी हे ओझं घेऊन बसले होते, आणि तिने मात्र दुपारी त्यांना फैलावर घेतलं होतं. तिला त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

"बाबा," ती म्हणाली, "तेव्हाच मला सांगायचंत हो. माझं काय होईल याची कशाला एवढी काळजी केलीत? मी दुसऱ्याच दिवशी खात्यात जाऊन सगळं सांगून आले असते."

बाबा कठड्याला धरून थांबले. त्यांना दम लागला होता.

"ते माहीत होतं मला, पोरी," ते म्हणाले. "म्हणून तर सांगितलं नाही. पुस्तकावर नाव माझं होतं ना."

तिने त्यांचा दंड सोडला नाही. पण तिथून खाली रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून घरापर्यंत ती त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही.